साताऱ्याहून मिरजेला, जुलै महिन्यात

साताऱ्याहून मिरजेला जायचे तर बहुतेक लोक एसटी धरतात. स्टँडवर गेले की कराडमार्गे जाणारी एखादी गाडी मिळतेच. आमच्या घरात मात्र मिरज म्हटले की रेल्वे, कारण अब्बांना एसटी लागायची. उंब्रजच्या अलीकडेच त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून रिक्षा करून, माहुलीचा पूल ओलांडून, गावापासून दूर असलेल्या स्टेशनवर जायचे आणि दुपारच्या कोयना एक्स्प्रेसची वाट पाहायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. अब्बांच्या इंतकालाला चार वर्षे झाली, तरी तो मोडलेला नाही.

गेल्या जुलैत मामूंच्या घरी त्यांच्या पणतवाचा अकीका होता. अम्मी आधीच जाऊन राहिली होती. मी आणि माझी मुलगी मागून निघालो. पावसाने थोडी उघडीप दिली होती. अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला, प्लॅटफॉर्म ओला, आणि चहाच्या गाड्यापाशी नेहमीची गर्दी. मुलगी अकरावीत आहे. १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, शाळा-कॉलेजांत वाचन प्रेरणा दिन पाळतात. त्या दिवशी तिला भाषण करायचे आहे आणि ती आतापासूनच वहीत टिपणे काढते आहे. गाडीत खिडकी मिळाल्यावर तिने विचारले, "अम्मी, कलाम सर राष्ट्रपती झाले ते बिनविरोधच ना?"

मी म्हटले, "नाही. बिनविरोध झाले ते १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी. कलामसाहेबांच्या विरोधात एक उमेदवार होत्या. आणि त्यांचा एक कट्टर समर्थक आपल्याच घरात होता."

"कोण?"

"तुझे नाना."

तिचा विश्वास बसेना. मग कोरेगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात तो जून-जुलै जुळवत राहिले, आणि पुढे मिरजेपर्यंत तिला सांगत गेले. तेच इथे लिहिते. घरात आम्ही दखनीच बोलतो, पण वाचकांसाठी बोलणे मराठीतच देते.

२००२ साल. मी १९ वर्षांची, साताऱ्यात बी.एस्सी.ला, विषय भौतिकशास्त्र. नगर वाचनालयातून 'अग्निपंख' आणले होते आणि परत करायची तारीख उलटून गेली तरी दिले नव्हते. रामेश्वरमच्या एका नावाड्याचा मुलगा, लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा, पुढे उपग्रह सोडणाऱ्यांचा प्रमुख झाला, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटे. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी पैसे नव्हते, तेव्हा बहीण जोहराने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली होती. अम्मीला ते पान मी मोठ्याने वाचून दाखवले होते. अम्मीने स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, "दोनच आहेत. पण आहेत."

१० जूनला बातमी आली की सत्ताधारी आघाडीने कलामांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे केले आहे. काही दिवसांत काँग्रेसनेही पाठिंबा दिला. म्हणजे महाराष्ट्रात तर काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सगळे एका बाजूला! मी वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. डॉ. झाकिर हुसैन आणि फक्रुद्दीन अली अहमद यांच्यानंतरचे हे तिसरे मुस्लिम राष्ट्रपती होणार होते, आणि माझ्या आठवणीत घडणारे पहिलेच. आमच्या आळीतली पोरे कलामांसारखे केस वाढवण्याच्या गोष्टी करू लागली. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चपासून गुजरातेतल्या बातम्यांनी आमची घरे मुकी झाली होती. टीव्ही लावायचा म्हटले तरी अम्मी नको म्हणे. अशा वेळी कुणीतरी आपले नाव आदराने घेत आहे, एवढ्यानेच छाती भरून येत होती.

अब्बांनी तो फोटो पाहिला. काही बोलले नाहीत. चार-पाच दिवसांनी डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचे नाव जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्राची घडी नीट करून म्हणाले, "हां. हा झाला उमेदवार."

अब्बा म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे निवृत्त शिक्षक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्थेचे रोप लावले आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. त्याच परंपरेत अब्बा शिकले आणि त्याच परंपरेत त्यांनी आयुष्यभर शिकवले. माणसाची जात-जमात विचारून त्याच्याबद्दल खूश होणे त्यांना जमायचेच नाही, स्वतःच्या जमातीबद्दलसुद्धा.

लक्ष्मीबाईंविषयी त्यांना सगळे पाठ होते. मद्रासच्या डॉक्टर. सिंगापूरला गेल्या, तिथे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख झाल्या. पुढे कानपुरात दवाखाना चालवला. १९८४ मध्ये शिखांवर हल्ले झाले तेव्हा त्या कानपूरच्या रस्त्यावर उतरल्या, भोपाळच्या वायुकांडानंतर वैद्यकीय पथक घेऊन तिथे गेल्या. वयाच्या ८७ व्या वर्षीही रोज रुग्ण तपासणारी बाई! अब्बा म्हणत, "लाल किल्ल्यावर खटला चालला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ शेजारी शेजारी उभे होते. त्यातल्या सहगलांची ही बायको. त्या पिंजऱ्यात जो हिंदुस्थान उभा होता, तो मला राष्ट्रपती भवनात पाहायचा आहे."

मी चिडून म्हणे, "त्या जिंकणार नाहीत, अब्बा."

"माहीत आहे. म्हणून काय बाजू सोडायची?"

या निवडणुकीची गंमत अशी, की आम्हा दोघांपैकी एकालाही मत नव्हते. राष्ट्रपती निवडतात ते खासदार आणि आमदार. मी वहीत कोष्टकच मांडले होते. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ चे, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ चे, सिक्कीमच्या आमदाराचे फक्त ७ चे. आपल्या विधानसभेचे २८८ आमदार, म्हणजे ५०,४०० मूल्य. खासदाराचे एक मत तेव्हा ७०८ चे. खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. मतदान गुप्त, पक्षादेश लागू होत नाही. ना सभा, ना भोंगे, ना भिंतीवर चुना. प्रचार होता तो आमच्या स्वयंपाकघरात, रात्रीच्या जेवणाला. अम्मी म्हणे, "बस करो अब. रोटी थंडी होती."

एके रात्री मी अब्बांना विचारले, "तुम्हाला आपला माणूस राष्ट्रपती झालेला नको आहे का?"

त्यांनी ताट सरकवले. म्हणाले, "गुजरातच्या छावणीत ताडपत्रीखाली बसलेल्या बाईला जाऊन विचार, तिला राष्ट्रपती कोण हवा. तिला आपला माणूस नको आहे. तिला तिचं घर हवंय. मोठ्या खुर्चीवर एक मुसलमान बसवला की लोक म्हणतील, बघा, यांना काय कमी आहे?"

"म्हणजे कलामसाहेब मुसलमान आहेत म्हणून उभे केले, असं म्हणायचंय तुम्हाला? त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचा हा अपमान आहे, अब्बा."

अब्बा शांतपणे म्हणाले, "मग तू मला सांग. तू खूश आहेस ती त्यांच्या कामासाठी, की नावासाठी?"

मी ताठ्याने म्हटले, "कामासाठी." पण ते खोटे होते, आणि आम्हा दोघांनाही ते कळले.

१५ जुलैला मतदान झाले. मोजणी १८ तारखेला होती आणि नेमके त्याच दिवशी आम्हाला मिरजेला निघायचे होते. अम्मीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते. साताऱ्या-कराडपासून थेट कर्नाटकातल्या गावांपर्यंतची माणसे दवाखान्यासाठी मिरजेचाच रस्ता धरतात. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासूनची ही वाट आहे. शिवाय तिथे अम्मीचे माहेर. मी खिशात मावणारा रेडिओ घेतला होता आणि त्याची वायर कानात घालून बसले होते.

हीच गाडी, हाच मार्ग. सुमारे १३० किलोमीटरचा. साताऱ्याहून दक्षिणेकडे जाताना कृष्णा उजव्या हाताला, कधी दिसत, कधी न दिसत, सोबत चालते. जुलैत दोन्ही बाजूंना ऊस गुडघ्याच्या वर आलेला असतो, मधूनमधून सोयाबीन, आणि पश्चिमेला सह्याद्रीची निळी-काळी रेघ. तेव्हा डिझेलचे इंजिन होते. आता मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत, पण शेते तीच.

रहिमतपूर आले की अब्बा न चुकता सांगायचे, की इथे विजापूरकरांचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि मशीद आहे. या वेळी मी मुलीला तेच सांगितले. दुसरेही एक सांगायचे होते, ते घशाशी आले. रहिमतपूरहून एक रस्ता पुसेसावळीकडे जातो. २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मुलीला ते ठाऊक आहे. तिच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर त्या दिवसांत काय काय फिरत होते, तेही ठाऊक आहे. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "इथूनच जवळ ना?" मी "हो" म्हटले. थोडा वेळ आम्ही दोघीही गप्प होतो.

मग ती म्हणाली, "पुढे सांग. गाडीत काय झालं?"

तर, १८ जुलै २००२. आमच्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. डोक्याला टोपी, पांढरा शर्ट, पायाशी पिशवी आणि मांडीवर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स. सांगलीला लेकीकडे निघाले होते. अब्बांशी ऊस, पाऊस आणि मास्तरकी यांवर त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. कराडच्या स्टेशनात, म्हणजे ओगलेवाडीला, गाडी थांबली आणि माझ्या रेडिओवर बातम्या लागल्या. कलाम विजयी! मी ओरडलेच. डब्यातली माणसे वळून पाहू लागली. अम्मीने मला खाली बसवले, पण हसत होती.

समोरच्या गृहस्थांनी लगेच लेकीसाठी घेतलेला बॉक्स उघडला. पेढा अब्बांपुढे धरून म्हणाले, "घ्या मास्तर, तोंड गोड करा. तुमचा माणूस राष्ट्रपती झाला!"

त्यांच्या मनात काहीही वावगे नव्हते. डोळ्यांत कौतुकच होते. मी तर हात पुढे केलाही होता. अब्बांनी पेढा घेतला, त्याचे दोन तुकडे केले, एक स्वतःच्या हातात ठेवला आणि दुसरा त्यांच्यापुढे धरला.

"आपला म्हणा, मग खातो," अब्बा म्हणाले.

ते गृहस्थ गोंधळले. क्षणभर डब्यात अवघडल्यासारखे झाले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "चुकलंच की मास्तर. आपलाच हो. आपला नाही तर कुणाचा?" अर्धा पेढा त्यांनी तोंडात टाकला, अब्बांनीही टाकला. बाकीचे पेढे अख्ख्या डब्यात वाटले गेले. लेकीकडे रिकामा बॉक्स गेला असेल.

मला ते सहन होईना. शेणोली गेल्यावर मी अब्बांना हळूच म्हटले, "तुम्ही तर त्यांच्या विरोधात होतात. मग एवढं कशाला?"

अब्बा म्हणाले, "विरोधात होतो, म्हणूनच. मला भारताचा राष्ट्रपती निवडायचा होता, म्हणून मी तुझ्याशी महिनाभर भांडलो. मुसलमानांचा राष्ट्रपती निवडायचा असता तर कशाला भांडलो असतो? आता ते निवडून आले. ते जेवढे तुझे, तेवढेच त्या बाबांचे, आणि माझेही. मी हरलो म्हणून ते परके होत नाहीत."

मग बोट दाखवून म्हणाले, "हे शेणोली. ७ जून १९४३ ला इथेच प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवली होती."

ते त्यांचे आवडते प्रकरण. हा सगळा पट्टा तेव्हा एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. पण अब्बांच्या नकाशात ती रेघ कधीच नव्हती. ताकारी आले की ते एका दमात सांगायचे, इथून जवळ येडे मच्छिंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव, आणि जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. किर्लोस्करवाडी आले की कुंडल, प्रतिसरकारची राजधानी. एकीकडे लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये माळावर उभारलेला कारखाना, दुसरीकडे त्याच माळावरून फिरणारे भूमिगत.

आणि त्या दिवशी त्यांनी मला प्रथमच १९५७ ची गोष्ट सांगितली. संयुक्त महाराष्ट्राचे वादळ होते. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे साताऱ्यातून लोकसभेला उभे होते. अब्बा तेव्हा १९ वर्षांचे. पेट्रोमॅक्सची बत्ती डोक्यावर घेऊन गावोगावच्या सभांना पायी गेले. घोषणा देऊन आठ दिवस घसा बसला. नाना पाटील निवडून आले आणि अब्बा रडले.

"मत कुणाला दिलंत, हे विचारायलाच नको," मी म्हटले.

अब्बा हसले. "मत कुठलं? तेव्हा २१ वर्षांची अट होती. मलाही मत नव्हतं. तुझ्यासारखंच."

माझ्या लक्षात आले, की ज्या वयात, जितक्या वेडाने मी कपाटावर फोटो लावला होता, त्याच वयात, तितक्याच वेडाने अब्बांनी डोक्यावर बत्ती घेतली होती. फरक एवढाच, की त्यांच्या उमेदवाराचे आणि त्यांचे नाव एका जमातीचे नव्हते, म्हणून त्यांना कुणी "तुमचा माणूस आला" असे म्हटले नसेल. किंवा म्हटले असेल, तर सगळ्या सातारा जिल्ह्याला म्हटले असेल.

भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली. सांगलीला ते गृहस्थ उतरले. उतरताना अब्बांना नमस्कार केला. अंधार पडता पडता मिरज आले. मगरिबची अजान होऊन गेली होती.

मामूंचे घर सतारमेकर गल्लीच्या बाजूला. मिरजेच्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम कमी होत गेल्यावर तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला. पंढरपूरकडचे मोठे भोपळे छतापासून लटकलेले, पुढे लाकडाच्या भुशाचा वास, आणि कुठून तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळी मात्र या गल्लीची कुणाला फारशी पर्वा नव्हती. मामू दारातच ओरडले, "बधाई हो बेटी, तेरे साहेब आ गए!" त्यांच्या आनंदाचे कारण वेगळेच होते. कलामसाहेब वीणा वाजवतात, हे त्यांनी कुठेसे वाचले होते. "तार जुळवणारा माणूस आहे," ते म्हणाले, "बाकी मला काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आले. कलामांच्या मतांचे मूल्य ९,२२,८८४. लक्ष्मी सहगल यांचे १,०७,३६६. अब्बांनी दुसरा आकडा खिशातल्या डायरीत लिहून घेतला. माझ्या वाचनात आले, की २२ वर्षांपूर्वी त्याच तारखेला, १८ जुलै १९८० ला, कलामांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह आकाशात सोडला होता. मी अब्बांना ते वाचून दाखवले. म्हणाले, "हे मात्र कामासाठी खूश होणं झालं." मी लाजले, पण बरे वाटले.

२५ जुलैला शपथविधी झाला. अम्मीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती आणि आम्ही साताऱ्याला परतलो होतो. अब्बा मात्र कशाची तरी वाट पाहत होते. ऑगस्टमध्ये बातमी आली. राष्ट्रपती गुजरातला गेले, छावण्यांत गेले, लोकांना भेटले. पुढे कलामसाहेबांनी स्वतः लिहिले आहे, की पंतप्रधान वाजपेयींनी त्यांना, या वेळी जाणे आवश्यक वाटते का, असे विचारले होते आणि त्यांनी ते आपले कर्तव्य असल्याचे सांगितले होते. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. वर्तमानपत्रात फोटो होता एवढेच. अब्बांनी तो बराच वेळ पाहिला आणि एकच शब्द बोलले, "गेले."

त्या एका भेटीने कुणाचे घर परत उभे राहिले, असे मी म्हणणार नाही. अब्बाही म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात कलामांचे नाव निघाले की अब्बा "साहेब" म्हणू लागले. त्याच वर्षीच्या रमजानमध्ये राष्ट्रपती भवनातल्या इफ्तारच्या दावतीचा पैसा साहेबांनी अनाथाश्रमांतल्या मुलांच्या अन्नवस्त्राकडे वळवला, हे कळले तेव्हा अम्मीने दुआ केली. आणि २००५ मध्ये मॉस्कोत असताना त्यांनी बिहार विधानसभा बरखास्तीच्या कागदावर सही केली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा अब्बा त्यांच्यावर चिडलेही. मी बाजू घेऊ लागले तर म्हणाले, "आपला म्हटलं ना? मग आपल्यावरच रागवायचं असतं." पुढच्या वर्षी लाभाच्या पदांचे विधेयक साहेबांनी फेरविचारासाठी परत पाठवले, तेव्हा अब्बांनी मला मुद्दाम फोन करून सांगितले. तोवर मी कोल्हापूरला एम.एस्सी. करून नोकरीला लागले होते. अम्मीची एक बांगडी त्यासाठी गेली होती, हे मला फार उशिरा कळले.

२३ जुलै २०१२ ला कॅप्टन लक्ष्मी कानपुरात वारल्या. मी शाळेतून घरी येता येता अब्बांना फोन केला. काय बोलावे सुचेना. म्हटले, "अब्बा, तुमच्या उमेदवार गेल्या." पलीकडून थोड्या वेळाने आवाज आला, "आपल्या म्हण."

२७ जुलै २०१५ ला शिलाँगमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलता कलामसाहेब कोसळले. त्या रात्री फोन अब्बांचा आला. "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन," एवढेच म्हणाले, आणि बराच वेळ आम्ही दोघे फोन धरून बसलो होतो.

आज मागे वळून पाहताना वाटते, की मी त्या वेळी खूश झाले ते चुकीचे नव्हते. ज्यांचे नाव सगळीकडे संशयाने घेतले जाते, त्यांना एक नाव आदराने घेतले गेले तर आनंद होणारच, आणि १९ वर्षांच्या मुलीला तो होऊ द्यावा. पण तो आनंद आपल्याला कुणीतरी हातावर ठेवलेला असतो. जो ठेवतो तो काढूनही घेऊ शकतो. "तुमचा माणूस" म्हणून पेढा मिळतो, तसाच उद्या कुणाच्या तरी गुन्ह्यासाठी "तुमचा माणूस" म्हणून जाबही विचारला जातो. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली आणि मामूंच्या कारखान्याला कित्येक दिवस कुलूप होते, तेव्हा मला तो पेढा आठवला होता. पुसेसावळीच्या वेळीही आठवला. अब्बांनी त्याचे दोन तुकडे का केले, ते समजायला मला इतकी वर्षे लागली. आणि ज्या माणसाने आपला अर्धा तुकडा लगेच, मोकळ्या मनाने, तोंडात टाकला, तोही याच गाडीतला, याच ऊसपट्ट्यातला होता, हेही विसरून चालणार नाही.

मुलीने हे सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मग नाना शेवटी कुणाच्या बाजूने होते?"

मी म्हटले, "तुझ्या भाषणात हा प्रश्नच ठेव."

सांगली सोडून गाडी विश्रामबागवरून पुढे निघाली होती. तिने वही उघडली. ९,२२,८८४ हा आकडा तिने आधीच लिहून ठेवला होता. त्याच्या खाली १,०७,३६६ लिहिले आणि पेन तोंडात धरून म्हणाली, "या बाईंचा फोटो कुठे मिळेल, अम्मी?"

मिरज आली होती. सामान उतरवायचे होते, फलाटावर मामूंचा नातू हात हलवत उभा होता. मी म्हटले, "घरी गेल्यावर देते. नानांच्या पेटीत आहे. कलामसाहेबांच्या फोटोला लागूनच ठेवलाय."